कानाला लावलेला भुंगा

काजूच्या खोडात शिरणाऱ्या लांब मिशांच्या भुंग्यांच्या दोन जाती पंखांच्या टोकावरच्या काट्यावरून ओळखायच्या, हे मी वीस वर्षं कॉलेजात शिकवतो. जांबोटीचा बागायतदार सुबराव मात्र भुंगा कानाला लावतो. करकरला तर एक जात, गप राहिला तर दुसरी. माझं डोकंच फिरलं. आठ वर्षांपूर्वी मारून टाचणीला टोचलेल्या भुंग्यांची पेटी मी त्याच्यापुढं आपटली.

त्यानं एकेक कानाला लावला. "ह्यो करकरतोय. ह्यो गप हाय. ह्यो बी करकरतोय."

मी भिंगातून काटे पाहिले. तिन्ही बरोबर. त्यामुळं आणखीच संतापलो.

"अरे, मेलेत ते," म्हणत मी त्याचा हात पकडला.

त्यानं माझंच मनगट कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि हळूच सोडलं.

"सर, हितं काय बी वाजत न्हाय."