पुंगळीचा खांदा

"लेकीच्या पहिल्याच एल्कच्या शिकारीला वाइल्डकॅट कशाला हवंय तुला?" बंदुका घडवणाऱ्या डेल्बर्टनं कानस खाली ठेवली. "कारखान्याचं साधं काडतूस घे. या गावात संपलं तर पुढच्या गावात मिळतं. वाइल्डकॅट म्हणजे घरी घडवलेलं. डबी घरी विसरली की बसा डोंगरात बोंबलत!"

"तू नाही का तेच वापरत?" वर्ना म्हणाली.

"मी म्हातारा हेकट माणूस आहे. माझं सोड."

वर्नानं कॉफीचा घोट घेतला. एरवी गिऱ्हाइकानं वाइल्डकॅट मागितलं की डेल्बर्टची कळी खुलायची. नळी किती, बारूद किती, तासभर सुटायचा नाही. आज मात्र स्वारी साध्या काडतुसाची भलामण करत होती.

"नाहीतर असं कर," तो म्हणाला, "रॉसची जुनी दोनशेऐंशी मापाची रायफल दे कोरीला. बापाची बंदूक आहे. नळी अजून ठणठणीत असेल."

"तीच मागतेय ती. मला नाही द्यायची."

 रॉसचं नाव आपणच काढलं, असं वाटून डेल्बर्टनं स्वतःलाच मनात चार शिव्या घातल्या.

एकोणीस वर्षांपूर्वी, हंगामाच्या तिसऱ्या दिवशी, ते तिघं डोंगरावर होते. वर्ना तापानं फणफणून तंबूत पडली होती. तिचा नवरा रॉस नवी बंदूक घेऊन पलीकडच्या उतारावर गेला होता. मधल्या सोंडेवरून डेल्बर्टनं एका थोराड एल्क हरणावर बार काढला. एल्क पळाला. तासाभरानं पलीकडे रॉस सापडला, गोळी छातीतून आरपार गेलेली. ती गोळी काही मिळाली नाही. शेरीफच्या माणसांना सोंडेवर बर्फात उडालेल्या काडतुसाची एकच रिकामी पितळी पुंगळी मिळाली, बुडावर २८० असा छाप. तसली बंदूक तर अर्ध्या खोऱ्यात होती. दिवसभर चहूकडे बार वाजत होते. अपघात म्हणून कागद मिटले.

डेल्बर्टचं वाइल्डकॅट दोनशेऐंशीच्याच पुंगळीतून घडायचं. छाप तोच. त्या बाराची त्याची पुंगळी बर्फात पडली होती, आणि त्याला ती सापडलीच नव्हती. तो कुणाला काही बोलला नाही. भ्याला, दुसरं काय! तेव्हापासून दर सप्टेंबरात वर्नाच्या अंगणात ट्रकभर सरपण, आणि शिकार साधली की एल्कची अख्खी तंगडी तिच्या फ्रीझरमध्ये. मित्र असावा तर असा, म्हणायचं गाव. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मला एक सांग," वर्ना म्हणाली. "बुडावरचा छाप जर साध्या दोनशेऐंशीचाच, तर तुझी पुंगळी ओळखायची कशी?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पण बंदुकीबद्दल खोटं बोलायला त्याची जीभ कधी वळलीच नव्हती.

"खांद्यावरून," तो हळूच म्हणाला. "बार उडाला की पितळ फुगतं आणि बंदुकीत काडतूस बसतं त्या चेंबरचा आकार घेतं. साध्या पुंगळीचा खांदा उतरता असतो, बाटलीसारखा. माझ्या चेंबरमधून निघाली की चांगला उभा, धारदार. तसलं चेंबर या खोऱ्यात माझ्या एकट्याचं आहे."

"म्हणजे नुसतं बघून कळतं?"

"बोट फिरवलं तर आंधळ्यालाही कळेल."

वर्नानं पर्समधून एक पिवळं पाकीट काढलं. लाखेचं सील जसंच्या तसं होतं.

"कागद मिटल्यावर रॉसच्या सामानाबरोबर हे आलं होतं. सोंडेवरची पुंगळी. एकोणीस वर्षं फोडायचा धीर झाला नाही मला. आता लेक ती बंदूक मागतेय, म्हणून आणलं. तू फोड."

डेल्बर्टनं पाकीट घेतलं, पण फोडलं नाही.

"वर्ना, आधी मला काही सांगायचंय तुला."

"माहितेय मला. एकोणीस वर्षं कुणी फुकट सरपण टाकतं का रे? तुझा बार मी ऐकला होता त्या दिवशी. फोड आता, उगीच जीव टांगणीला लावू नकोस."

त्यानं सील मोडलं. काळवंडलेली पुंगळी टेबलावर घरंगळली. बरणीतून आपली एक काढून त्यानं शेजारी उभी केली. मग डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

खांदा उतरता होता.

"माझी नाही," तो पुटपुटला. मग ओरडलाच. "वर्ना! ही माझी नाही गं! साधी दोनशेऐंशी आहे! अगं, बघ तरी!"

तो हसत होता आणि ढसाढसा रडतही होता. तेलाच्या फडक्यानंच त्यानं तोंड पुसलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला पोटभर श्वास घेता आला. आज घरी जाऊन सपाटून जेवायचं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

जरा वेळानं त्याच्या ध्यानात आलं, वर्ना जागची हललीच नव्हती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नीट बघितलंस?"

"शंभरदा बघतो, तू म्हणशील तर. माझी नाही. माझी असती तर खांदा उभा असता."

वर्नानं ती पुंगळी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

"तुझीच निघावी, म्हणून रोज प्रार्थना करत होते मी," ती म्हणाली. "देवाशपथ, डेल. तुझं सरपण जाळताना रोज. दुपारी ताप उतरला होता माझा. तू सोंडेवरून खाली गेलास, आणि मी वर आले. रॉसची जुनी बंदूक घेऊन. त्या उतारावर मीही एक बार काढला होता."