मार नव्हताच

“मार नाही हा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मार लागल्याची एकही खूण नाही.”

सात रस्त्याजवळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांनी फिल्म उजेडावर धरली. “डोळ्याच्या खोबणीत, आत मागं सूज आहे. गाठ नाही, जंतू नाहीत. शरीरच कधीकधी असं स्वतःवर उलटतं. स्टिरॉइडची इंजेक्शनं आजच सुरू करू, मग गोळ्या. डोळा जागेवर बसेल, ठणकाही जाईल.”

“आन दिसंल की?” प्रभुलिंगनं विचारलं.

“नस फार दिवस दबून राहिली. महिनाभर आधी आणायला हवं होतं. गेलेली नजर परत येईल, असं मी सांगू शकत नाही.”

शेजारी त्याची बहीण दानम्मा सुजलेला डोळा पदरानं झाकून बसली होती. बोलून बोलून तिचा घसा कोरडा पडला होता. “अण्णा, त्यांनी हात न्हाई लावला, आपोआप सुजलंय.” पण हा ऐकेल तर शपथ! डोळा बघितला आणि याला त्यात नवऱ्याचा हातच दिसला. अक्कलकोट रोडला, तिच्या दारात, गल्लीदेखत यानं दाजीच्या थोबाडीत ठेवून दिली. बहिणीला उचलून वैरागला नेलं आणि महिनाभर हळदीचा लेप लावत बसला. दाजीचे फोन आले, ते तिला घेऊ दिले नाहीत. वर आईला छातीठोकपणे सांगत सुटला, नवऱ्याला पाठीशी घालती म्हणून. भाऊ असावा तर असा, असं गावानंही म्हटलं आणि गडी फुशारला.

आता त्या फुशारकीची त्याला शिसारी आली.

दाजी शिवशरण बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभा होता. सकाळी दानम्मानंच त्याला बोलावून घेतलं होतं. प्रभुलिंग त्याच्यापुढं गेला आणि त्यानं हात जोडले.

“दाजी, चुकलं माझं. लई चुकलं. तुमी बी मारा मला.”

शिवशरणनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

“माझं काय न्हाई, पाव्हणं,” तो म्हणाला. “तुमी दारात आलता त्या दिवशी यंत्रमागावरनं सुट्टी घिऊन आलो हुतो. तिला हितंच आणायचं हुतं. गल्लीच्या तोंडाला रिक्षा उभी हुती.”