मंगळवारची बैठक

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे विरला आणि इंदुमतीच्या छातीत धडधडायला लागलं. दोन वर्षांपूर्वी भर बाजारात घेरी आल्यापासून ती नवऱ्याशिवाय कुठे गेली नव्हती. भीतीचा त्रास असणाऱ्यांच्या, आरोग्य केंद्रातल्या या मंगळवारच्या बैठकीलाही तो बाहेर थांबे. आज मात्र समुपदेशक ताईंनी त्याला घरी पाठवलं होतं.

“भीती किती, दहापैकी?” ताईंनी विचारलं.

“दहा. मी मरेन हो ताई! त्यांना बोलवा.”

“बोलवू. आधी थोडं थांबून बघू.”

गोलात बसलेली बाकीची सात माणसं तिच्याकडे बघू लागली. इंदुमतीचे हात बधिर झाले. ती उठून दारापर्यंत गेली. गोलातल्या म्हाताऱ्या द्वारकाबाईंनी तिला अडवलं नाही. त्या नुसत्या तिच्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. “मलाही असंच व्हायचं,” त्या म्हणाल्या. “उतरतं, बाई.”

इंदुमतीनं दाराची कडी घट्ट धरली, पण उघडली नाही. घामानं पोलकं भिजलं. श्वास मात्र थांबला नाही. अर्ध्या तासानं तिनं आकडा सांगितला, “सहा.”

बैठक संपल्यावर ती एकटीच निघाली. वळणावर नवरा उभा होता, चेहरा पांढराफटक.

“अहो, गेला नाहीत?”

“जाववेना. तुला काही झालं असतं तर? दोन वर्षं माझाही जीव थाऱ्यावर नाही, इंदू. कुणाला सांगणार?”

तिनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले.

“चला,” ती म्हणाली, “ताई अजून आत आहेत.”