जेवून या

परीक्षेचा नियम साधा होता. पाहणाऱ्याच्या बोटातली अंगठी त्याची नाडी वेबसाइटला कळवणार, आणि वेबसाइटनं त्याप्रमाणे रूप बदलत त्याला मिनिटभर खिळवून ठेवायचं. तो आधी उठला, तर विद्यार्थी नापास.

साळगावकर सर सकाळपासून एकतीस वेबसाइट बघून बसले होते. तीन वाजता बत्तिसावी आली, हेमलताबाईंची. वेबसाइट बनवायच्या या कोर्सला येण्याआधी त्यांनी अठरा वर्षं खानावळ चालवली होती. परीक्षेत त्यांच्या वाट्याला विकायला छत्र्या आल्या होत्या, त्याही भर एप्रिलमध्ये.

सरांनी वेबसाइट उघडली. अंगठीकडून त्यांची मंदावलेली नाडी कळताच छत्र्या पुसट झाल्या आणि अक्षरं उमटली, "अजून जेवला नाहीत तुम्ही. आधी जेवून या. छत्र्या कुठे पळून जात नाहीत."

सर उठून गेले. नऊ सेकंद झाले होते. हेमलताबाईंनी पिशवी आवरायला घेतली.

अर्ध्या तासानं सर ओले हात पुसत आले आणि त्यांनी तीच वेबसाइट पुन्हा उघडली.

"झालं जेवण? बसा निवांत," पडद्यावर अक्षरं उमटली.

सरांनी दोन छत्र्या मागवल्या.

"अहो सर, उन्हाळा आहे!" हेमलताबाईंना राहवलं नाही.

"असू दे हो," सर म्हणाले. "लोकांना भुरळ कशी घालायची, ते बारा वर्षं शिकवतोय. मला पडली ती आजच."