फुगडीआधीचा श्वास

"दणका आहे गं, पण पाय काही उचलत नाहीत," हेडफोन काढत सासूबाई म्हणाल्या.

ऋजुताने कपाळाला हात लावला. डीजे म्हणून तिचा पहिलाच कार्यक्रम संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर होता. ठोक्यावर ठोके चढवूनही ट्रॅक जागचा हलत नव्हता.

तेवढ्यात हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू झाली. सासूबाईंनी पदर खोचला, मैत्रिणीचे हात घट्ट धरले, पावलं जुळवली आणि दोघी मागे रेलल्या. क्षणभर दोघींनी श्वास रोखला. "हं, आता!" म्हणताच अशी गरगर फुगडी सुटली, की बघताबघता ऋजुताचेच पाय थिरकले!

ती धावत कॉम्प्युटरपाशी गेली. सगळ्यात मोठ्या ठोक्याआधी तिने एका श्वासाएवढी जागा कोरी करून टाकली.

संध्याकाळी ट्रॅक चढत चढत गेला आणि अचानक गप्प झाला. गच्ची स्तब्ध. साउंडवाल्याने घाबरून वायर पकडली.

"हं, आता!" गर्दीतून सासूबाई ओरडल्या.

ठोका पडला तेव्हा साउंडवाल्याच्या हातात वायर तशीच होती. त्याचे पाय मात्र हवेत होते.