दोन मुठींचा प्रेस

भांडुपच्या कारखान्यात पत्रा कापताना तातूचा डावा हात मनगटापासून गेला, तरी तो पेडलचा प्रेस पायाने चालवत राहिला. धाकटा भाऊ सहदेव तिथेच फिटर. त्याने वर्षभर खपून एका प्रेसला पेडलऐवजी सायकलच्या ब्रेकसारख्या दोन मुठी बसवल्या. दोन्ही एकदम आवळल्या तरच पातं खाली यायचं. पात्याखाली हात राहणारच कसा? चोपन्न सालच्या दसऱ्याला यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या. शेठ म्हणाले, "पहिला मान तातूचा." तातूने उजवी मूठ आवळली. डावीवरून थोटा हात घसरत राहिला. सहदेवने सगळं आपल्याच दोन हातांनी तपासलं होतं. त्याने पुढे होऊन डावी मूठ आवळली तेव्हाच पातं हललं. "सगळे प्रेस असेच कर," शेठ म्हणाले. "चांगलं केलंस रे," तातू म्हणाला, "आता कोणाचा हात जायचा नाही." आणि आपल्या पेडलच्या प्रेसवरची माळ सोडवू लागला.