दूध संघातलं भूत

सहकारी दूध संघाच्या बंद पडलेल्या इमारतीतून भरदुपारी तान्ह्या लेकराचं रडणं यायचं. भूतच ते, दुसरं काय? अशा दुष्काळातही गाव रोज तिथल्या पायरीवर घागरभर पाणी ठेवायचं आणि मागं न बघता परतायचं.

भुतांचा छडा लावणारी मैत्रेयी आपली यंत्रं घेऊन पुण्याहून आली. आतल्या खोलीत तिला शिवकन्या नावाची गावातलीच एक तरुण बाई दिसली. पदराखाली लेकरू पीत होतं.

"अहो, तुम्ही तर चांगल्या जित्याजागत्या! थांबा, बाहेर सांगते सगळ्यांना."

"नका ताई, पाया पडते. नवरा गेला तवापासून मी पांढऱ्या पायाची. टँकरपाशी गेले की माझी घागर लाथाडतेत. भुताला भिऊन तरी पाणी ठेवतेत."

मैत्रेयीनं रागानं यंत्र बंद करून पिशवीत टाकलं.

बाहेर सरपंच सुंदरराव अख्ख्या गावासकट ताटकळत उभे होते. "काय मॅडम, हाय का भूत?"

"आहे," ती दातओठ खात म्हणाली. "आणि लेकुरवाळं आहे. उद्यापासून दोन घागरी ठेवा."